मुक्त सॉफ्टवेअर आणि विकतचे पुस्तक

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांनंतर ‘पूररेषा’ हा विषय पाटबंधारे खात्याच्या कचेरीतून बाहेर पडून कोल्हापूरच्या घराघरांत पोहोचला. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र तेवढे पाणी चढल्यावर नेमक्या कोणत्या गल्ल्या बुडतील, हे नकाशावर दाखवायला शिकायचे असेल, तर भूगोलाच्या किंवा स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर सहज हाताशी असते. ते संगणकावर उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत, मित्राला देण्यास बंदी नसते आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ संहिता, वाचून बदलण्याचीही मुभा असते. हाच विद्यार्थी पुढे पुस्तकांच्या शोधात निघाला, की त्यांपैकी काही पुस्तके विकत घ्यावी लागतात, त्यांच्या किमती बहुधा डॉलरमध्ये असतात आणि काहींचे लेखक तर ते सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांपैकीच आहेत, असे त्याच्या लक्षात येते. क्यूजीआयएसची २००२ साली सुरुवात करणारे गॅरी शर्मन यांनीही त्या सॉफ्टवेअरसाठी प्रोग्रॅम कसे लिहावेत यावर विकतचे पुस्तक लिहिलेले आहे. वस्तू फुकट वाटायची आणि ती वापरण्याची रीत मात्र विकायची, हा कसला परोपकार, अशी शंका मग बोलून दाखवली जाते.

ही शंका क्षुल्लक नाही, परंतु तिचा रोख चुकीच्या जागी आहे, असे माझे मत आहे. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आपल्या प्रोग्रॅमवरचे पुस्तक निःसंकोच विकावे. त्याच्या वागण्यात खोट निघायचीच असेल, तर ती पुस्तकाच्या किमतीत निघत नाही. प्रोग्रॅमसोबत मिळणाऱ्या मोफत माहितीपुस्तिकेशी तो कसा वागतो आणि आपल्या पुस्तकाच्या वाचकाला काय करू देतो, या दोन ठिकाणी ती शोधावी लागते.

कायद्याचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८५ च्या सुमारास ते स्वतः ईमॅक्स या आपल्या प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला विकत होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे सुरुवातीच्या काळातले बरेचसे उत्पन्न अशा टेपांतून आणि छापील माहितीपुस्तिकांच्या विक्रीतून येत असे. प्रोग्रॅम चालवावा, अभ्यासावा, वाटावा आणि सुधारून पुन्हा वाटावा, ही चार स्वातंत्र्ये या चळवळीने मागितली. किंमत शून्य असावी, अशी मागणी त्यांत कधीच नव्हती. ग्नू जनरल पब्लिक लायसन्स या चळवळीच्या परवान्यानुसार प्रोग्रॅमची प्रतसुद्धा पैसे घेऊन देता येते, मग पुस्तकाची गोष्टच सोडा. तेव्हा विकतच्या पुस्तकाला चळवळीच्या तत्त्वांचा भंग म्हणणाऱ्याला चळवळीचा पहिला अध्यायच ठाऊक नाही, असे म्हणावे लागेल.

तरीही स्टॉलमन यांनीच मुक्त प्रोग्रॅमवरच्या काही पुस्तकांवर कठोर टीका केली होती आणि ती समजून घेण्याजोगी आहे. लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल ही प्रोग्रॅमिंग भाषा प्रसिद्ध केली आणि १९९१ साली ओरायली या प्रकाशन संस्थेने तिच्यावर काढलेल्या पुस्तकाचे ते सहलेखक होते. पर्लसोबत मिळणारी मोफत माहिती नवशिक्याला पुरेशी सोपी वाटत नव्हती, आणि त्याच्यासाठी लिहिलेली चांगली पुस्तके होती, पण त्यांची प्रत काढण्यास किंवा मजकूर बदलण्यास परवानगी नव्हती. स्टॉलमन यांचा आक्षेप किमतीवर नव्हता, या बंधनांवर होता. शिवाय चांगले बंदिस्त पुस्तक बाजारात असले की मोफत माहितीपुस्तिका सुधारण्याची कोणाला निकड वाटेनाशी होते, हे त्यांनी नेमके हेरले होते. या दुसऱ्या मुद्द्याकडे मी पुन्हा वळणार आहे, कारण किमतीविषयीच्या गोंगाटात तो नेहमी हरवतो.

त्याआधी पैशाविषयी. राजर्षी शाहूंनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा ते विद्यार्थ्यासाठी मोफत होते. शिक्षकांचे पगार आणि शाळांचा खर्च संस्थानाच्या तिजोरीला उचलावाच लागला. मुक्त सॉफ्टवेअरच्या मागे अशी तिजोरी नसते. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची गोपनीयता सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅममध्ये २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २००० डॉलर इतक्याच होत्या आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता, हे लोकांना कळले. बड्या कंपन्या ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरत होत्या. मागितल्यावर लोक देतातच असे नाही आणि देतात तेव्हाही ते संकट ओढवल्यावर. ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मोकळा करण्यासाठी २००२ साली सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, हे खरे. पण अशी मोहीम दरवर्षी काढता येत नाही, म्हणून ब्लेंडर फाउंडेशनने पुढे पुस्तके आणि प्रशिक्षणाच्या डीव्हीडी विकल्या. त्यात गैर काय झाले, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

आपल्याकडे तर पुस्तकाच्या विक्रीला आणखी एक व्यवहारी बाजू आहे. कोल्हापुरातल्या एखाद्या महाविद्यालयाला कितीही वाटले, तरी परदेशातल्या सॉफ्टवेअर-लेखकाला देणगी देण्यासाठी त्याच्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नसते, आणि प्राचार्यांनी धाडस केलेच, तर लेखापरीक्षणात त्या रकमेचे समर्थन करता करता त्यांच्या नाकीनऊ येतील. ग्रंथखरेदीचे लेखाशीर्ष मात्र असते. पुस्तकाचे बिल येते, दाखल नोंद होते, त्यावर शिक्का बसतो आणि लेखापरीक्षकाचे समाधान होते. विशेष म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात किंवा १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात आलेली एक प्रत अनेक वर्षे अनेकांच्या हाती जाते, त्यामुळे डॉलरमधली किंमत एकट्या विद्यार्थ्यावर पडत नाही. संस्थांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या कर्त्याला कायदेशीरपणे आणि कोणाच्याही भुवया उंचावू न देता पैसे पोचवण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी दिसत नाही.

आता खऱ्या आक्षेपाकडे. पुस्तकाच्या विक्रीतून ज्याला उत्पन्न मिळते, त्याचा स्वार्थ मोफत माहिती अपुरी राहण्यात असतो. मराठी पालकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. वर्गात धडा अर्धवट ठेवून उरलेला संध्याकाळच्या शिकवणीत घेणारा शिक्षक आपण सर्वांनी पाहिलेला किंवा ऐकलेला आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई केली, तिच्यामागे हेच दुखणे असणार. प्रोग्रॅम लिहिणारा आणि त्यावरचे पुस्तक विकणारा माणूस एकच असेल, तर तोही मोफत पुस्तिकेत मुद्दाम मोघम लिहील, अवघड भाग गाळेल, ‘अधिक माहितीसाठी पुस्तक पाहा’ म्हणून मोकळा होईल, ही भीती निराधार नाही. जेबॉस या जावा सर्व्हरच्या कर्त्यांनी सुरुवातीच्या वर्षांत सॉफ्टवेअर मोफत देऊन त्याची सविस्तर माहिती विकली होती आणि त्यावर वापरणाऱ्यांची नाराजीही ओढवून घेतली होती.

परंतु शिक्षकाशी असलेले हे साम्य एका जागी तुटते आणि तिथेच या प्रश्नाचे उत्तर आहे. शिक्षक सार्वजनिक पगार घेतो आणि त्याचा वर्ग बंद असतो. त्याने गाळलेला धडा शिकवायला दुसरा कोणी आत जाऊ शकत नाही. मुक्त प्रोग्रॅमच्या कर्त्याला बहुधा पगार नसतो, आणि त्याच्या कामाच्या जागेचे दार उघडे असते. त्याचा सोर्स कोड सर्वांसमोर असल्यामुळे त्याने न सांगितलेली गोष्ट चिकाटीचा माणूस स्वतः शोधून काढू शकतो आणि ती मोफत पुस्तिकेत लिहून पाठवू शकतो. म्हणून पुस्तिका अपुरी ठेवल्याचा आरोप सिद्ध करायला पुस्तकाची किंमत दाखवून भागत नाही. कोणी सुटलेले प्रकरण लिहून पाठवले, तेव्हा कर्त्याने काय केले, हे पाहावे लागते. त्याने ते तपासून आनंदाने सामील करून घेतले, तर तो पुस्तकाच्या पाच आवृत्त्या विकेना का, आपली तक्रार असण्याचे कारण नाही. त्याने ते महिनोन्‌महिने तसेच ठेवले, ‘हे पुस्तिकेत बसत नाही’ असे म्हणून परत पाठवले, किंवा पुस्तिकेचा परवानाच असा ठेवला की तिच्यात कोणाला भर घालता येऊ नये, तर मात्र तो शिकवणीवाल्या शिक्षकाच्या रांगेत जाऊन बसला. मग त्याचे पुस्तक स्वस्त असले किंवा तो गरीब असला, म्हणून त्याला सूट देण्याचे कारण नाही.

क्यूजीआयएस या कसोटीला चांगले उतरते. त्याची वापरपुस्तिका आणि प्रशिक्षणपुस्तिका मोफत आहेत, बदलून पुन्हा प्रसिद्ध करता येतात, त्यांच्यात बाहेरच्यांच्या दुरुस्त्या घेतल्या जातात आणि स्वयंसेवक त्यांची निरनिराळ्या भाषांत भाषांतरे करतात. पूरनकाशा काढण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी विद्यार्थ्याला तिथे मिळतात. विकतचे पुस्तक त्याला वेळ वाचवून देते, क्रम लावून देते, अनुभवी माणसाच्या खाणाखुणा दाखवते. ते नसले म्हणून त्याचे काम अडत नाही.

सगळीच पुस्तके एका मापाने मोजावीत, असेही नाही. डोनाल्ड क्नूथ यांचा टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम जगभरातले गणितज्ञ वापरतात आणि त्याचा सोर्स कोड मोकळा आहे. मात्र १९८४ साली आलेले त्यांचे टेकवरचे पुस्तक विकतच घ्यावे लागते. मौज अशी, की त्या पुस्तकाची मूळ संगणकीय फाइलही त्यांनी लोकांना पाहण्यासाठी उपलब्ध केली, ती जुळवून छापू नये एवढी अट घालून. एखाद्या कर्मठाला हा ढोंगीपणा वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण ते पुस्तक क्नूथ यांच्या स्वभावाने, विनोदाने आणि हट्टांनी भरलेले आहे, आणि टेक शिकवणारे मोफत साहित्य इतरांनी विपुल लिहिले, त्यांना कोणी अडवले नाही. कर्त्याचे विचार, आठवणी आणि आवडीनिवडी सांगणारे लेखन इतरांना बदलता यावे, असा हट्ट स्टॉलमनदेखील धरत नाहीत. त्यांचे स्वतःचे निबंध जसेच्या तसेच वाटण्याची अट त्यांवर असते. प्रोग्रॅम कसा चालवावा हे पायरीपायरीने सांगणारे पुस्तक मात्र वेगळ्या जातीचे असते. त्यातली चूक कोणालाही दुरुस्त करता यायला हवी, आणि ते इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत नेण्याची वाट बंद असता कामा नये.

ही दुसरी गोष्ट मराठी वाचकाला अधिक झोंबायला हवी. राधानगरी किंवा गगनबावड्याच्या शाळेतून शिकून कोल्हापुरात आलेल्या मुलाला क्यूजीआयएसचे बटण कुठे आहे हे इंग्रजीतून कळते, पण ‘प्रक्षेपण’, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची रीत, चुकल्यामुळे नदी नकाशावर भलतीकडे का सरकली, हे समजून घेताना परकी भाषा आडवी येते. त्याच्यासाठी कोणी प्राध्यापकाने इंग्रजी पुस्तकाचे मराठीकरण करायचे ठरवले आणि पुस्तकावर ‘सर्व हक्क राखीव’ असले, तर काय होते? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात यासाठी एक वाट काढलेली आहे. ३२ व्या कलमानुसार मूळ मालकाने परवानगी नाकारल्यास भाषांतरासाठी सक्तीचा परवाना मागता येतो. एरवी त्यासाठी पुस्तक प्रसिद्ध होऊन सात वर्षे लोटावी लागतात. परदेशी पुस्तकाचे भाषांतर अध्यापनासाठी वा संशोधनासाठी हवे असेल तर तीन वर्षे, आणि ते विकसित देशांत सर्वसाधारण वापरात नसलेल्या भाषेत व्हायचे असेल तर एकच वर्ष. मराठी या शेवटच्या गटात बसते. कायदा करणाऱ्यांनी आपल्यासारख्या भाषांचा विचार केला होता, ही समाधानाची गोष्ट आहे. पण क्यूजीआयएसची नवी आवृत्ती दर चार महिन्यांनी येते. वर्षभर थांबायचे, मालकाशी पत्रव्यवहार करायचा, अर्ज, सुनावणी, मानधनाची निश्चिती, मग भाषांतर, मग छपाई, एवढे होईपर्यंत पुस्तकातल्या चित्रांतला पडदा आणि विद्यार्थ्यासमोरचा पडदा यांची ओळखही उरणार नाही. कादंबरीला हा कायदा चालेल, सॉफ्टवेअरच्या पुस्तकाला तो उपयोगाचा नाही.

म्हणूनच पुस्तकाचा परवाना हा कर्त्याच्या हेतूचा खरा पुरावा ठरतो. सोर्स कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सबव्हर्जन या प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी लिहिलेले पुस्तक २००४ साली ओरायलीने छापून विकले आणि तोच मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली मोफतही ठेवला गेला, की मूळ लेखकांचे नाव देऊन कोणीही तो बदलावा, भाषांतरित करावा, विकावा. गिट या तशाच प्रोग्रॅमवरचे बहुचर्चित पुस्तक एप्रेस ही संस्था विकते, त्याचा मजकूर महाजालावर मोफत आहे आणि स्वयंसेवकांनी त्याची अनेक भाषांत भाषांतरे केली आहेत. मात्र त्याच्या परवान्यात व्यापारी वापराला मनाई आहे. ही मनाई वरवर रास्त वाटते. लेखकाच्या कष्टावर दुसऱ्याने का कमवावे, असे कोणीही म्हणेल. परंतु मराठीत तिचा परिणाम असा होतो, की भाषांतर पडद्यावर वाचता येईल, पण कोल्हापूरचा एखादा छोटा प्रकाशक कागद, छपाई आणि बांधणीचा खर्च घालून ते विकायला काढू म्हणेल, तर त्याला वेगळी परवानगी आणावी लागेल. इंग्रजीच्या बाजारात हक्क राखून ठेवावा आणि जिथे मूळ प्रकाशक कधीच पाऊल टाकणार नाही, त्या भाषांत विक्रीचीही मोकळीक द्यावी, एवढे लेखकाला सहज करता येईल. त्याचा एक पैशाचाही तोटा त्यात नाही.

मजकूर मोफत आणि छापील प्रत विकत, ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके दुकानात विकत मिळतात आणि त्यांच्या पीडीएफ मोफत उतरवता येतात. मराठी विश्वकोशाचे खंड महाजालावर वाचता येतात, म्हणून छापील खंड कोणी रद्दीत टाकलेले नाहीत. ही पुस्तके सरकारी पैशातून निर्माण झाली आणि सॉफ्टवेअर-लेखकाच्या पाठीशी सरकार नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण मोफत मजकुरामुळे छापील प्रतीची मागणी संपते, हे गृहीतक तरी आपल्या अनुभवाला धरून नाही. झेरॉक्सच्या भीतीचेही तेच. बंदिस्त परवाना असला तरी महाविद्यालयासमोरच्या दुकानात पुस्तकाची प्रत निघायची थांबत नाही. दिल्ली विद्यापीठाजवळच्या अशाच एका दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेला दावा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने फेटाळला आणि अपिलानंतर, २०१७ साली, प्रकाशकांनी तो मागेच घेतला.

हे सगळे नियम परदेशी लेखकांना लावायचे आणि आपल्या लेखकाला सोडायचे, असे करता येणार नाही. उद्या शाहूपुरीत किंवा राजारामपुरीत बसून कोणी पंचगंगेच्या पुराची उदाहरणे घेऊन क्यूजीआयएसवर मराठी पुस्तक लिहिले, तर त्याने ते अवश्य विकावे, बरी किंमत ठेवावी आणि ग्रंथालयांनी ते मागवावे. पण ज्या प्रोग्रॅमच्या जोरावर त्याने पुस्तक लिहिले, तो त्याला बदलण्याच्या आणि वाटण्याच्या मोकळिकीसह मिळाला होता, हे ध्यानात ठेवून त्याने पुस्तकही त्याच मोकळिकीने, ‘बदल करणाऱ्याने आपलेही याच अटींवर खुले ठेवावे’ एवढीच अट घालून, प्रसिद्ध करावे. मग सांगलीचा एखादा शिक्षक राजाराम बंधाऱ्याच्या जागी कृष्णेवरचा आयर्विन पूल घालेल, दोनचार चुका दुरुस्त करेल आणि आपली आवृत्ती सांगलीत विकेल. त्याने त्यावर चार पैसे मिळवले, तरी कोल्हापूरच्या लेखकाचे काही हिरावले जात नाही. त्याची आवृत्ती महाद्वार रोडवर पूर्वीसारखीच विकली जाईल, आणि सांगलीकराने सुधारलेली प्रकरणे त्यालाही न विचारता पुढच्या आवृत्तीत घेता येतील.